लग्नघरातला कच्चा जिना

नवं घर बघायला आलेला माणूस जिना चढून वर जातो. मी आधी जिन्याखाली वाकतो. सेंट्रिंगच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्याची ही खोड. कुणाच्या वास्तुशांतीला गेलो की यजमान म्हणतात, "या मिस्त्री, वरच्या खोल्या बघा." आणि मी तिथंच चपलांच्या ढिगात मान वाकडी करून जिन्याच्या पोटाकडं बघत उभा असतो. बायको चिडते. "लोकाच्या घरी जाऊन जळमटं काय मोजून राह्यले?" म्हणते.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडं. घरी मेंढरं होती. वडील मेंढरांमागं हिंडले आणि मी जालन्याला येऊन फळ्यांमागं हिंडलो. आता गुडघे बोलायला लागलेत म्हणून काम थांबवलंय. लिहायचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा आधी धंदा समजावून सांगतो, कारण घर बांधलेल्या लोकांनाही सेंट्रिंग म्हणजे काय ते धड ठाऊक नसतं.

काँक्रीट ओततात तेव्हा ते चिखलासारखं असतं. त्याला आकार देणाऱ्या फळ्या आणि पत्र्याच्या प्लेटा, आणि त्या फळ्यांना खालून तोलून धरणाऱ्या लाकडी बल्ल्या, हे सगळं आमचं. काँक्रीट आवळून आलं, आपलं वजन आपण पेलायला लागलं, की आम्ही सामान ट्रॅक्टरमध्ये भरून निघून जातो. गवंड्याची भिंत राहते, सुताराचं दार राहतं. आमच्या फळ्यांच्या रेषा तेवढ्या छताच्या पोटावर उमटतात आणि त्याही गिलाव्याखाली झाकल्या जातात.

सपाट स्लॅब त्या मानानं सोपा. जिना तिरका असतो, त्याचं वजन खाली येता येता पुढंही ढकलत असतं. दोन चढांच्या मध्ये वळायला जो सपाट ओटा असतो त्याला आम्ही लँडिंग म्हणतो. खालचा चढ आणि वरचा चढ, दोन्ही त्याच्या जिवावर असतात. म्हणून लँडिंगखालच्या बल्ल्या सगळ्यात शेवटी काढायच्या. आणि घरमालकाच्या डोळ्यांत नेमक्या त्याच सगळ्यात आधी खुपतात, कारण जिन्याखालची जागा प्रत्येकाला हवी असते. जालन्यातल्या एका मास्तरीणबाईंना तिथं देवघर पाहिजे होतं आणि त्यांच्या सासूबाईंना न्हाणी. दोघी मला वेगवेगळं गाठून सांगायच्या आणि दुसरीला कळू देऊ नका म्हणायच्या. शेवटी तिथं मास्तरांची स्कूटर उभी राहिली.

अंबडच्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याला अधांतरी जिना हवा होता. मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी घराचा फोटो दाखवायचा. भिंतीतून नुसत्या पायऱ्या बाहेर आलेल्या, खाली काही नाही. करता येतो तसा, भिंत तशी जाड लागते, आम्ही केला. पण त्याची आई काही केल्या पाय ठेवीना. "खाली काई दिसत न्हाई, मी न्हाई चढत," म्हणाली. मग विटांचा एक खांब नुसता दाखवायला उभा केला, त्यावर कसलाच भार नव्हता. म्हातारी खांबाला हात लावून बघून आली आणि सरळ वर गेली. व्यापारी मात्र माझ्यावर नाराज राहिला, त्याचा फोटो बिघडला होता.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो ते शहागडच्या जिन्यासाठी, आणि त्यात हसण्यासारखं फार थोडं आहे.

आधी रफिकभाईंबद्दल सांगायला पाहिजे. माझं काम फळ्यांचं, त्यांचं लोखंडाचं. आमची सेंट्रिंग उभी राहिली की तिच्यावर सळ्यांची जाळी बांधायची, मग काँक्रीट पडायचं. सळई सळईला बारीक तारेनं बांधतात. हातात लोखंडी आकडा असतो, तार त्यात अडकवून मनगटाला एक झटका द्यायचा की गाठ बसते. रफिकभाईंचं मनगट असं चालायचं की बघणाऱ्याला गाठ दिसायचीच नाही, नुसता टिकटिक आवाज यायचा. जुन्या जालन्यात राहायचे. माझ्यापेक्षा वयानं मोठे, बोलायला मऊ, कामाच्या बाबतीत कडक. आम्ही दोघं इतकी वर्षं बरोबर राहिलो की लोक आम्हाला एकच समजायचे. "ते रफिक-अंकुश आणा," म्हणायचे. त्यांच्या घरी ईदचा शिरखुर्मा आणि माझ्या घरी पोळ्याची पुरणपोळी, यात कधी खंड पडला नाही.

शहागडला हायवेवर भानुदासरावांचा ढाबा होता. ट्रकवाल्यांचा भरवशाचा. मोठ्या मनाचा माणूस, आवाजही मोठा. ढाब्यामागं त्यांनी दुमजली घर काढलं आणि जिन्यासकट सगळं काम आम्ही केलं. घर जवळपास झालं होतं, तेवढ्यात त्यांच्या कुणी पाहुण्यानं वास्तूचा जाणकार आणला. तो घरभर हिंडला आणि जिन्यासमोर थांबून मान हलवायला लागला. जिना डावीकडं वळतो, तो उजवीकडं वळला पाहिजे.

"पाडा," भानुदासराव म्हणाले.

मी म्हटलं, "चांगला पक्का जिना हाय. कशाला पाडता?"

"माझ्या पोरीचं लगीन हाय या घरातून, मिस्त्री. मला कशातच कसर ठेवायची न्हाई."

यामागचं कारण मला ठाऊक होतं. वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं आधी एका घरी जमलं होतं, साखरपुडाही झाला होता. आठ दिवसांत नवऱ्या मुलाचे चुलते अपघातात गेले. त्या घरानं पोरीचा पायगुण काढला आणि नारळ परत पाठवला. त्यानंतर स्थळं यायची, चौकशी करायची आणि फिरकायची नाहीत. भानुदासरावांसारखा गडगडाटी माणूस त्या काळात ढाब्याच्या गल्ल्यावर मुका बसलेला मी पाहिला होता. आता घनसावंगीकडचं चांगलं घर मिळालं होतं. मुलगा शिकलेला, जुन्या गोष्टी न मानणारा. त्याच्या आईचं मात्र तसं नव्हतं. ती सोयरीक होईपर्यंत भानुदासरावांनी मुलाच्या गावी, जांब समर्थला, किती खेपा घातल्या असतील, त्यांनाच माहीत.

तर जिना पाडला. नवा उभा करायला घेतला आणि मध्येच अवकाळी पाऊस लागला. खडी वेळेवर आली नाही. शेवटी काँक्रीट पडलं तेव्हा लग्न तोंडावर आलं होतं. भानुदासराव म्हणाले, "लग्नाच्या आधी ह्या बल्ल्या काढून टाका. पाव्हण्यांना आत शिरता येत न्हाई आन् फोटोत वंगाळ दिसतंय."

"बल्ल्या निघणार न्हाईत," मी म्हणालो. "जिना कच्चा हाय. बल्ल्या असल्या तर वर-खाली करायला बिलकुल हरकत न्हाई. काढल्या तर मी जबाबदार न्हाई."

ते चिडले. मग रफिकभाईंनी तोड काढली. "आबा, बल्ल्यांना कपडा गुंडाळू, झेंडूच्या माळा लावू. मंडपाचे खांब वाटतील."

भानुदासराव एकदम हसायला लागले. त्यांना ते फार आवडलं. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनीच बसून बल्ल्यांना पिवळं कापड गुंडाळलं, रफिकभाईंनी आपल्या बांधायच्या तारेनं माळा पक्क्या केल्या. वैशाली मेंदीचे हात वर धरून बघायला आली आणि म्हणाली, "चाचा, तुम्ही तर जिन्याचंच लगीन लावून राह्यले!"

लग्नाच्या दिवशी आम्ही पाहुणे म्हणून गेलो. मी धुतलेलं धोतर, टोपी. रफिकभाई पांढऱ्या कुडत्यात, खांद्यावर शाल, अत्तराचा वास. मंडप ढाब्याच्या मागच्या मोकळ्या रानात होता. अक्षता पडल्या, बँड वाजायला लागला, पंगतीची पानं मांडली जाऊ लागली. मला म्हणाल तर मांडवात बसवेना. उठलो आणि एकदा जिना बघून येतो म्हणालो. रफिकभाई हसत माझ्यामागून आले.

आत शिरलो आणि पाय थांबले. लँडिंगखाली आमच्या बल्ल्या नव्हत्या. त्या जागी भलामोठा कूलर घोंगावत होता. नवरीला उकडतंय म्हणून कुणी तरी सांगितलं होतं, आणि मंडपवाल्याच्या माणसांनी जागा करायला बल्ल्या काढून मागच्या अंगणात नीट रचून ठेवल्या होत्या, माळांसकट. त्या बिचाऱ्यांना ते मंडपाचे खांबच वाटले.

आणि वर सगळा जिना बायकांनी भरला होता. दोन्हीकडच्या. फोटोवाला खाली उभा राहून म्हणत होता, "अजून जवळ या, अजून जवळ या." नवरानवरी लँडिंगवर. त्यांच्या बाजूला वरमाय. लँडिंग जिथं भिंतीत शिरतं तिथून बारीक भुकटी गळत होती. पिठाच्या चाळणीतून गळावी तशी.

ओरडावंसं वाटलं. पण ओरडलो असतो तर सगळ्या एकदम धावल्या असत्या आणि तो धक्का त्या जिन्याला सोसला नसता. मी रफिकभाईंकडं बघितलं. त्यांनी भुकटी पाहिली होती. ते अंगणाकडं वळले.

मी फोटोवाल्याच्या पुढं जाऊन हात जोडले आणि जमेल तेवढ्या शांतपणे वरमायला म्हणालो, "आईसाहेब, पंगत खोळंबलीय तुमच्यासाठी. तुमी बसल्याबिगर वाढायचं न्हाई म्हणून राह्यले आबा. आधी तुमी या. बाकीच्यांनी एकेक करून उतरा, साड्या सांभाळून, पायऱ्या ओल्या हायेत."

मान दिला की माणूस हलतो. वरमाय पदर सावरून हळूहळू उतरल्या. त्यांच्यामागं नवरानवरी. वरच्या चढावरच्या बायका एकेक करून लँडिंगवर यायच्या, वळायच्या, खाली उतरायच्या. कुणी मध्येच थांबून गप्पा मारायला लागली की मी पुन्हा हात जोडून पंगतीकडं बोट दाखवायचो. वैशाली माझ्यासमोरून जाताना म्हणाली, "काका, जेवल्याबिगर जाऊ नका." मी मान हलवली.

शेवटची बाई उतरली तसा मी आडवा बांबू टाकला आणि लँडिंगखाली धावलो, पायथ्याशी उभं राहून खालच्या चढाआडचं मला काही दिसलं नव्हतं. कूलर ढकलून बाजूला केलेला होता. रफिकभाईंनी एक बल्ली आणून लँडिंगखाली उभी केली होती, तिच्या डोक्यावर फळीचा तुकडा, बुडाशी पाचर पायानं ठोकलेली. ते तसेच उभे होते, उजवा हात वर, लँडिंगच्या पोटाला लावलेला. शालीचं टोक दातांत धरलं होतं.

मला बघून त्यांनी शाल सोडली. "उतरल्या सगळ्या?"

"उतरल्या."

"मंग जॅक लावा. हात अडकलाय."

ते बल्ली बसवत असतानाच लँडिंग जरासं खाली बसलं होतं. फळी सरळ करायला त्यांनी हात घातला होता आणि बोटं फळी अन् काँक्रीटच्या मध्ये सापडली होती. वरच्या सगळ्या बायका उतरून जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले होते. एक आवाज नाही. बाहेर बँड वाजत होता, ओरडले असते तरी मांडवात कुणाला ऐकू गेलं नसतं. तरी ओरडले नाहीत, कारण मला ऐकू गेलं असतं आणि मी तिथून पळत आलो असतो, असं पुढं त्यांनीच सांगितलं.

अंगणात लोखंडी जॅक पडले होते. एक आणून शेजारी उभा केला, पेच फिरवून लँडिंग केसभर उचललं, तेव्हा हात निघाला. त्या हाताचं वर्णन मी लिहीत नाही.

मी म्हणालो, "आबांना सांगतो. गाडी काढायला लावू."

त्यांनी डाव्या हातानं माझा दंड धरला. "न्हाई मिस्त्री. कोणालाच न्हाई. लगीन लागल्या लागल्या जिना बसला, रगत सांडलं, हे त्या बाईच्या कानावर गेलं तर कोणाच्या माथी येईल? पोरीच्या. एकदा झालंय तिचं." मग म्हणाले, "जॅक बराबर लावून घ्या आधी. मंग जाऊ."

मी बाकीचे जॅक लावले. मंडपवाल्याच्या माणसाला बजावलं की जिन्यावर कुणालाही सोडू नकोस, वर फरशीचा माल पडलाय. फरशीवर रक्ताचे ठिपके होते, ते झेंडूच्या पाकळ्यांनी झाकले. रफिकभाईंनी हात शालीत गुंडाळून छातीशी धरला आणि आम्ही मागच्या दारानं निघालो.

मोटारसायकलीपाशी पोचतो तोच भानुदासरावांनी हटकलं. फेटा, कपाळाला गुलाल, चेहरा आनंदानं फुललेला. सोबत व्याही आणि चार मोठी माणसं.

"अरे मिस्त्री! रफिकभाई! पंगत बसली ना. कुठं निघाले?"

मी म्हणालो, "आबा, जरा काम निघालं. जालन्याला जावं लागतंय."

"काम?" ते हसत होते अजून. "माझ्या पोरीच्या लग्नात जेवायचं सोडून? चला मागं, माझ्या शेजारी बसायचं तुमी." आणि त्यांनी रफिकभाईंचा हात धरायला हात पुढं केला.

रफिकभाई मागं सरकले. नाइलाज होता, तो हात धरू देता येत नव्हता. पण बघणाऱ्याला ते झिडकारल्यासारखं दिसलं. भानुदासरावांचा हात तसाच हवेत राहिला. व्याही बघत होते.

"जाऊ द्या आम्हाला, आबा," रफिकभाई म्हणाले. ओठ पांढरे पडले होते त्यांचे.

"जा," भानुदासराव म्हणाले. "जा मंग."

अंबडच्या डॉक्टरांनी तातडीनं बघितलं, पुढं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांच्या प्रयत्नांत कसूर नव्हती. दोन बोटं गेली, उरलेली वाकत नव्हती. जखम भरल्यावर रफिकभाई साइटवर आले, आकडा डाव्या हातात घेतला आणि सकाळभर गाठी मारत राहिले. दुपारी त्यांनी आपलं बांधलेलं सगळं हलवून बघितलं, सगळ्या गाठी सैल. त्यांनी स्वतःच त्या सोडल्या. मी म्हटलं, "बाकीच्यांवर नजर ठेवा नुसती. तुमच्यासारखी नजर कोणाची हाय?" काही दिवस आले. खुर्ची टाकून बसायचे. पण पोरांच्या हातांकडं बघता बघता त्यांचं मनगट मांडीवर आपोआप हलायचं, आणि ते लक्षात आलं की उठून चहाला जायचे. एके दिवशी चहाला गेले ते परत साइटवर आले नाहीत.

इकडं शहागडला मी जिन्याचं राहिलेलं काम पुरं केलं. लँडिंगला केसासारखी चीर गेली होती, म्हणून खालून विटांचा जाड खांब बांधून घेतला, पुन्हा कधी भीती नको. भानुदासराव बाहेर आले नाहीत. त्यांचा पुतण्या उभा होता. "काका म्हणतात, खांब बांधा न्हाई तर काई करा, मला तोंड दाखवू नका." ढाब्यावर ते सगळ्यांना सांगायचे, दोन मिस्त्री घरच्यासारखे वागवले आणि भर मांडवात व्याह्यांच्या देखत अन्न टाकून गेले. नमकहराम निघाले. हायवेवरच्या ढाब्यावर बोललेलं कुठंही पोचतं. जालन्यापर्यंत पोचलं. मला त्याचं फारसं वाटलं नाही, मी काम करत होतो, चार लोक ओळखत होते. रफिकभाई मात्र घरात बसून ते ऐकत होते.

आम्ही ठरवलं होतं की योग्य वेळ आली की सांगायचं. पण ती वेळ येईना. सुरुवातीला, पोरगी नवी आहे, घरात रुळू दे. मग कळलं की वैशालीला लेकरू व्हायला वेळ लागतोय. अशा वेळी कसं सांगायचं? भानुदासराव तापट, ऐकल्या ऐकल्या धावत येतील, रडतील, चार जणांत बोलतील. मग तिच्या सासऱ्यांचं पोटाचं ऑपरेशन निघालं. ते निभावलं तर सासूबाई आजारी. एकदा जांबच्या यात्रेत भानुदासराव समोर आले. मी पुढं झालो, "आबा..." म्हणालो. त्यांनी चप्पल घालायला वाकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेले. मी मागून हाक मारू शकलो असतो. गर्दी होती, मागं रफिकभाईंना दिलेला शब्द होता. नाही मारली.

गेल्या वर्षी भानुदासराव झोपेत गेले. बातमी कळली तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "आता?" असं. बायकोला कळेना, आता म्हणजे काय.

दहाव्याला गोदावरीच्या काठावर गेलो. लांब उभा राहिलो, मला तिथं कुणी बोलावलं नव्हतं. विधी झाल्यावर वैशालीच माझ्याकडं आली. कडेवर मुलगा होता. "काका, तुमी आले," म्हणाली. "बाबा तुमचं नाव घ्यायचे अधूनमधून. रागानंच घ्यायचे. पण घ्यायचे. अशी कोणती गोष्ट झाल्ती हो, की तुमी दोघं जेवले न्हाई?"

मी तिला नदीच्या पायऱ्यांवर बसवलं आणि सांगितलं. सगळं, भुकटीपासून. ती ऐकताना मुलाचा तळवा हातात घेऊन दाबत राहिली. माझं संपल्यावर तिनं मुलाला पुन्हा कडेवर घेतलं. मग एवढंच म्हणाली, "मला चाचांकडं घेऊन चला."

तेरावं उरकल्यावर आम्ही जुन्या जालन्यात गेलो. रफिकभाई आता मुलाकडं असतात, मुलगा सळ्यांच्या कारखान्यात आहे. म्हातारे झालेत, नजर अधू आहे. वैशालीला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर उठायला लागले, तिनं खांदा धरून बसवलं आणि पाया पडली. त्यांनी डाव्या हातानं आशीर्वाद दिला, उजवा कुडत्याच्या खिशात होता.

"नाव काय याचं?" त्यांनी मुलाबद्दल विचारलं. तिनं सांगितलं. "शाळेत जातो? बराबर जेवतो ना?" असंच काहीबाही विचारत राहिले. चहा आला.

वैशाली म्हणाली, "चाचा, हात दाखवा."

"हाताचं काई न्हाई बेटी. हात दुखत न्हाई आता." मग कप खाली ठेवून म्हणाले, "आबा जाताना नाराजच गेले ना माझ्यावर?"

ती खोटं बोलू शकली असती. तिनं मान हलवली, हो म्हणून.

रफिकभाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, दवाखान्यात हाताची जखम धुतली तेव्हाही नाही. "त्यांनी हात पुढं केल्ता," ते म्हणाले, "आन् मी मागं सरकलो. तेच डोळ्यासमोर घेऊन गेले ते."

"मंग सांगितलं का न्हाई?" वैशाली म्हणाली. आवाजात राग होता, पोरीचा बापासाठी असतो तसा. "एकदा सांगायचं ना. बाबांनी उचलून डोक्यावर घेतलं असतं तुम्हाला."

"सांगायचंच होतं," रफिकभाई म्हणाले. "मिस्त्रीला इचार. मी म्हणायचो, पोरगी सासरी रमली की सांगू. मंग असं झालं की रमली, हे कवा समजायचं, तेच आम्हाला कळलं न्हाई."

वैशाली त्यांच्याकडं बघत राहिली. मुलगा तिच्या मांडीवरून उतरून दारातल्या शेळीकडं गेला, तिचं लक्ष नव्हतं.

"मी तर पहिल्या दिवाळीलाच रमल्ते, चाचा," ती म्हणाली. "कोणी इचारलंच न्हाई."